खुनी कोण, यावर अध्यक्षांचे दोन शब्द

“सत्य हे सूर्यासारखं असतं, मंडळी. त्याला या जगात आजवर कुणीही अडवू शकलेलं नाही,” असं मी म्हणालो आणि खांबेट्यांनी उठून खिडकीचा पडदा ओढला. टीव्हीवर ऊन येत होतं.

हॉलमध्ये अंधार झाला तशी पहिल्या रांगेतल्या दोघांनी झोप रीतसर सुरू केली. मी अध्यक्ष होतो. अध्यक्षाला समोरची झोप दिसत नाही असं मानायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून मीही मानलं आणि पुढे बोलत राहिलो.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर ज्येष्ठ नागरिक मंडळाचा हॉल आहे. मंडळाचे सचिव भालचंद्र खांबेटे हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या नातवाने सुट्टी संपवून जाताना त्यांना एक कोरियन मालिका लावून दिली होती. खुनाची, हिंदीत डब केलेली, सोळा भागांची. खांबेट्यांना ती एकट्याने बघायची भीती वाटली, त्यामुळे तो मंडळाचा उपक्रम झाला. दर बुधवारी दुपारी चार वाजता एक भाग. पुढचा भाग घरी बघायचा नाही अशी सर्वांनी शपथ घेतली होती, आणि ती पाळलीही जात होती, कारण घरी कुणालाच तो लावता येत नव्हता.

पंधरा भाग झाले. आता शेवटचा उरला. दुसऱ्या कुठल्याही गावातल्या माणसांनी शेवटचा भाग बघून टाकला असता. आम्ही मराठी माणसं. आम्ही त्याआधी परिसंवाद ठेवला. विषय, ‘खुनी कोण?’ सभासदांनी आपापली मतं मांडायची आणि अध्यक्षांनी समारोप करायचा.

अध्यक्ष म्हणून माझं नाव निघालं, कारण एकेकाळी मी विनोदी लेखक होतो. ‘तिरकी टोपी’ नावाचं माझं सदर सव्वीस वर्षं रविवारी छापून येत असे. मग एका रविवारी ते आलं नाही, आणि कुणीही चौकशी केली नाही. त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मला कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. साधं वाढदिवसालाही बोलावलं नव्हतं. त्यामुळे खांबेटे घरी आले तेव्हा मी डायरी उघडून, पानं चाळून, “बुधवार… बुधवार जमेल असं वाटतं,” असं म्हणालो. डायरी कोरी होती. आमच्या सरोजने ती पोळ्यांच्या डब्याखालून काढून दिली होती.

अडचण एकच होती. मी मालिका पाहिली नव्हती. दीड भाग पाहिला होता, त्यातला अर्धा डोळे उघडे ठेवून.

“अहो, नाही म्हणा,” सरोज म्हणाली. ती मात्र दर बुधवारी जात होती, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली.

“अध्यक्षांनी पाहिलेलं असावं असा कुठे नियम आहे?”

“मग बोलणार काय?”

“सगळ्यांची मतं ऐकायची आणि सगळ्यांचं बरोबर आहे असं म्हणायचं. समारोप म्हणतात त्याला.”

त्या बुधवारी सकाळी मी माझा रेशमी झब्बा घेऊन खाली इंदुबाईंकडे गेलो. इंदुबाई शेलार आमच्या जिन्याखाली इस्त्री करत. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, नाकावर दोरी बांधलेला चष्मा. जिना आणि हॉलचं दार यांच्यात सहा पावलांचं अंतर. बुधवारी चारच्या सुमाराला कपडे कमी असत, तेव्हा त्या हॉलच्या दारात खाली बसून मालिका बघत. खुर्च्या सभासदांसाठी होत्या. आत या असं आम्ही कधी म्हटलं नाही, आत येऊ का असं त्यांनी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं तर त्यांना उठायला बरं पडतं, असं आम्ही एकमेकांना सांगत असू.

“इंदुबाई, तीनपर्यंत हवाय.”

“अध्यक्ष हाय न्हवं तुमी आज? ठेवा. ह्यो आधी करते.” त्यांनी झब्बा उलटा करून पसरला. रेशमाला आतून इस्त्री करतात हे मला तेव्हा कळलं.

“तुम्ही बघता ना ती मालिका?”

“येक बी बुधवार चुकवला न्हाई.”

“मग? खुनी कोण?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं. खरं म्हणजे मला एक आयतं मत हवं होतं.

“सूपवाली,” इस्त्री न थांबवता त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. समुद्राकाठच्या एका गावात शाळेचा मास्तर मरतो. मिठाच्या गोदामात त्याचं प्रेत सापडतं. संशय त्याच्या भावावर असतो, एका इन्स्पेक्टरवर असतो, आणखी चौघांवर असतो. मास्तरच्या घराशेजारी एक म्हातारी विधवा राहते. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सूप पाजते आणि मास्तरसाठी सर्वांत जास्त रडते. कोरियन नावं आमच्या मंडळाच्या तोंडात राहत नसत, त्यामुळे सगळ्यांना इचलकरंजीची नावं पडली होती. ही ‘सूपवाली’. तिच्यावर कुणाचाच संशय नव्हता.

“सूपवाली? का बरं?”

“शर्ट बगितला न्हाई व्हय तुमी?”

“बघितला ना,” मी म्हणालो. शर्ट राहू द्या, मी मास्तरही नीट पाहिला नव्हता.

“बगा तर मग. पयल्या भागात मास्तर कपाट उघडतोय. समदे शर्ट टांगल्याले. येकाला बी आडवी घडी न्हाई. आनि मेला तवा अंगावर पांढरा शर्ट हाय, त्याला छातीवर आडवी रेघ, पोटावर आडवी रेघ. ही अशी.” त्यांनी बोटाने माझ्या झब्ब्यावर दोन रेघा ओढल्या. “म्हंजे शर्ट त्येचा न्हाईच. कुनीतरी मागनं घातलाय, घडीतला काढून. आनि रेघ बी कसली! आज घडी घालून उद्या काढली तर रेघ अशी उमटत न्हाई. वर्सानुवर्सं पेटीत पडलेल्या कापडाची रेघ हाय ती. इस्त्रीनं बी जाईना.”

“बरं…”

“नवव्या भागात सूपवाली पेटी उघडती. नवऱ्याचे शर्ट. मेलेल्या नवऱ्याचे. समदे घडीत.” इस्त्री उचलून त्यांनी बाजूला ठेवली. “मास्तरच्या अंगावर काय सांडलं आसंल, सूप म्हना, रगत म्हना. तसं उघडं टाकवंना तिला. म्हनून नवऱ्याचा शर्ट काढून घातला. मारून बी वाईट वाटलं बगा तिला.”

मी सव्वीस वर्षं माणसांवर लिहीत होतो. असं एक वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

“आमच्यात बी हाय पेटीत येक,” त्या म्हणाल्या. “घडी मोडवत न्हाई.” आणि लगेच झब्ब्याच्या बाह्यांकडे वळल्या.

झब्बा हातात देताना त्यांनी ब्लाउजमधून एक चिठ्ठी काढली. कॅलेंडरचं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली.

“सायेब, येक काम हुतं. खांबेटेसाहेब म्हनले, मतं फकस्त सभासदांची घेनार. पर अध्यक्षानं वाचली तर चालती न्हवं?”

“न चालायला काय झालं?”

“माझी सून हाय, सारिका. तिला म्या ह्ये समदं सांगितलं तर हसली. ‘आत्ती, तुमाला काय कळतंय त्यातलं? दारात बसून शर्ट मोजताय,’ म्हनली. आज तिला सुट्टी हाय. चार वाजता ये, माझं नाव माइकवर घेनार हाईत, म्हनून सांगितलंय तिला.” त्या जरा थांबल्या. “सांगून मोकळी झाले बगा, तुमाला इचारायच्या आधी. तेवढं नावासकट वाचा.”

“अहो, नावासकटच वाचणार,” मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो, हे मला अजूनही नोंदवावंसं वाटतं. त्याचा उपयोग काही नाही.

चिठ्ठीखाली पूर्ण नाव होतं. इंदुबाई रामचंद्र शेलार. त्याखाली पट्टी लावून मारलेली रेघ.

चार वाजता परिसंवाद सुरू झाला. खांबेट्यांनी खुनी भाऊ आहे असं सप्रमाण मांडलं. त्याने तिसऱ्या भागात एका कागदावर न वाचता सही केली होती, आणि असला माणूस काहीही करू शकतो. देशिंगकर ज्योतिषांनी कोरियाचे अक्षांश-रेखांश मिळवून मास्तरची पत्रिका मांडली होती. मारेकरी वृश्चिक राशीचा, सबब इन्स्पेक्टर. मास्तरची जन्मतारीख कुठून मिळाली असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती त्यांनी मृत्यूवरून मागे मोजत काढली होती असं समजलं. शेवटी उषाताई कित्तूर बोलल्या. त्यांनी एवढंच सांगितलं की खुनी कुणीही असो, सूपवाली नाही. “जी बाई दुसऱ्याला गरम वाढते, तिच्या हातून खून होणं शक्य नाही.” याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. पंख्याखाली बसलेल्या सरोजनेही वाजवल्या.

मग मी उठलो. सूर्याचं वाक्य, पडदा, अंधार हे वर आलंच आहे. त्यानंतर मी माझा एक हमखास विनोद केला. तो एक्याण्णव साली कोल्हापुरात दोनशे माणसांना हसवून आलेला विनोद होता. इथे देशिंगकर खोकले. मी दुसरा केला. मागून कुणीतरी चहा आला का विचारलं.

ज्याने हे भोगलं नाही त्याला कळायचं नाही. लोक शिव्या देत असले तर बोलता येतं. लोक घड्याळ बघतात तेव्हा जीभ टाळूला चिकटते. मी झब्ब्याच्या खिशात हात घातला. रुमाल काढायला घातला होता. हाताला चिठ्ठी लागली.

आणि मी म्हणालो, “मंडळी, तुम्ही पंधरा भाग चेहरे बघत बसलात. शर्ट कुणी बघितला?”

हॉल गप्प झाला. खरोखरचा गप्प. पहिल्या रांगेतले दोघे जागे झाले.

मी कपाट सांगितलं. आडवी रेघ सांगितली. छातीवर एक, पोटावर एक, स्वतःच्या झब्ब्यावर बोट ओढून दाखवली. पेटी सांगितली. नाव शेवटी घ्यावं, म्हणजे परिणाम होतो, असं मी मनाशी ठरवलं होतं. लेखकाची सवय. दारात इंदुबाई बसल्या होत्या, नेहमीसारख्या खाली, पण आज पदर नीट चापून. त्यांच्यामागे एक तरुण बाई हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी होती. इंदुबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं.

“मारूनही तिला वाईट वाटलं,” मी म्हणालो.

“वा!” खांबेटे उभे राहिले. “वा वा वा! याला म्हणतात निरीक्षण! अहो, लेखकाची नजर ती! आपण पंधरा पंधरा भाग बघून काय केलं?”

टाळ्या सुरू झाल्या. उषाताईसुद्धा वाजवत होत्या. चार वर्षांत न ऐकलेला आवाज. त्यात एक फट होती, एवढी लहान, की त्यात एक नाव सहज मावलं असतं. तीन शब्दांचं तर नाव. मी पाण्याचा ग्लास उचलला, घोटभर प्यालो, ग्लास ठेवला, आणि म्हणालो, “एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.”

चिठ्ठी मी परत खिशात ठेवली होती. कधी ठेवली, ते आठवत नाही.

इंदुबाई उठल्या नाहीत. आभारप्रदर्शन झालं, तरी बसून होत्या. हॉल देणाऱ्यांचे आभार झाले, चहावाल्याचे झाले, विजेच्या लोकांचे झाले. प्रत्येक नावाला त्या मान थोडी वर करायच्या. लग्नपत्रिकेत काही नावं अगदी तळाशी असतात ना, तसं आपलंही असेल, असं त्यांना वाटत असावं. खांबेट्यांनी माइक बंद केला तेव्हा मागची तरुण बाई खाली वाकून काहीतरी म्हणाली आणि निघून गेली.

पुढच्या बुधवारी शेवटचा भाग झाला. सूपवालीने कबुली दिली. शर्ट नवऱ्याचाच होता. तो तिने का घातला, हे सांगताना ती जे म्हणाली ते इंदुबाईंनी माझ्या झब्ब्यावर इस्त्री फिरवताना म्हटलं होतं, फक्त हे हिंदीत होतं. हॉलमध्ये एकच हलकल्लोळ झाला. मला शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. स्थानिक दैनिकात चौकटीत बातमी आली, ‘साहित्यिकाच्या नजरेने पकडला कोरियन खुनी’. दारात बसून इंदुबाईंनीही टाळ्या वाजवल्या. मी बघितलं.

घरी आल्यावर सरोजने शाल खुर्चीवर टाकली.

“एक विचारू? घडी कशाला म्हणतात हे तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?”

“म्हणजे?”

“चव्वेचाळीस वर्षं तुमच्या बनियनची घडी मी घालते. तुम्हाला वाटतं ती तशीच येते बाजारातून. रेघेचं कुणी सांगितलं?”

मी नारळ कुठे ठेवायचा ते विचारलं.

“झब्बा धुवायला टाकताना खिसे बघते मी,” ती म्हणाली, आणि कॅलेंडरचं ते पान टेबलावर ठेवलं. मग आत जाऊन कणीक मळायला लागली. बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर तीन आठवडे मी कपडे पलीकडच्या चौकात इस्त्रीला दिले. पिशवी घेऊन मागच्या दाराने जायचो. वय वर्षं बहात्तर. एकदा कॉलरला डाग पडून आला, तो मला योग्यच वाटला. चौथ्या आठवड्यात सरोजने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, त्यात धुतलेले कपडे भरले आणि पुढचं दार उघडून धरलं.

जिना उतरताना मी भाषण जुळवलं. आयुष्यात इतकं मन लावून जुळवलं नव्हतं. सकाळचे अकरा वाजले असतील. इंदुबाई चादरीवर पाणी शिंपडत होत्या.

“या,” त्या म्हणाल्या. “गावाला गेलता व्हय?”

“नाही. इंदुबाई, मला बोलायचंय. मी तुमचं मत चोरलं. मी ती मालिका पाहिलीसुद्धा नव्हती. नाव घेईन म्हणालो आणि घेतलं नाही. विसरलो नव्हतो. आठवत असून घेतलं नाही.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “बगत हुते की मी.”

“मग तुम्ही तिथेच का बोलला नाहीत?”

“दारातनं?” त्यांनी चादरीचं टोक ओढून सरळ केलं. “म्या म्हनलं, शेवटी घेत्याल.”

मला खाली कुठेतरी बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं.

“सारिकाताई काय म्हणाल्या?”

त्यांनी इस्त्री फिरवली, उचलली, परत फिरवली. “आता ती आसं म्हनती, की म्या तुमच्याकडनंच ऐकलं हुतं. तुमचा झब्बा कराया आलता न्हवं, तवा तुमी बोलला, आनि म्या घरात जाऊन माझंच म्हनून सांगितलं. शेजारनीला बी सांगितलं तिनं तसं. ‘आमच्या आत्ती मोठ्या लोकांचं ऐकत्यात आनि आपलं म्हनून खपवत्यात.’” त्या बारीक हसल्या. “पेपरात बी तुमचंच आलंय. मग काय बोलू?”

मी चोरी केली होती, एवढंच मला तोवर माहीत होतं. चोर कोण ठरलं, ते मला त्या क्षणी कळलं.

“मी आज येतो तुमच्या घरी,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “सारिकाताईंना समोर बसवून सांगतो. चिठ्ठी आहे माझ्याकडे, तुमच्या अक्षरातली. पुढच्या बुधवारी मंडळात माइकवर सांगतो, सगळ्यांसमोर. पेपरला पत्र देतो, माझ्या सहीने. ती शाल तुमची आहे. तो सत्कार तुमचा आहे. मी खांबेट्यांना सांगून—”

“सायेब.”

मी थांबलो.

“तुमी सांगितलं तर ती म्हनंल, म्हाताऱ्या बाईची कीव आली सायबांना. चांगला मानूस हाय, म्हनंल. तुमचंच नाव हुईल परत.”

माझी पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली, कपडे मोजले, फळीवर ठेवले. मग बाजूचं तयार कपड्यांचं गाठोडं उचलून खांद्याला लावलं. लिफ्ट बंद होती.

“आलाच हाय तर धा मिन्टं हितं थांबा,” त्या जिन्याची पहिली पायरी चढत म्हणाल्या. “चौथ्या मजल्यावर ह्ये देऊन येते. कुनी कपडे टाकाया आलं तर घ्या. आनि नाव तेवढं इचारून घ्या. कुनाचं कुठलं, मागनं कळत न्हाई.”